वांग समजून दोन वर्षं क्रीम लावत होते : त्वचेवर दिसणारे आतले आजार

शाळामास्तरीण

मागच्या आठवड्यात आमच्या शाळेतल्या नवीन बाई मला स्टाफरूममध्ये बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, तुमचे वांग कशाने गेले? मलाही सांगा ना." त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय. तेव्हा मला कोणी हे सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाया गेली नसती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, वय ३८. धाकटा दोन वर्षांचा होता तेव्हा माझ्या दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर काळसर-तांबूस डाग उठले. सासूबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर वांग येतातच, जायफळ दुधात उगाळून लाव. महिनाभर लावलं. सकाळी परिपाठाला अर्धा तास उन्हात उभी राहिले की संध्याकाळी गाल भाजल्यासारखे होत. त्यावर जायफळ लावलं की डोळ्यांतून पाणी. मग मेडिकलमधून ट्यूब आणली. "वांगासाठी हीच जाते ताई, सगळे हीच नेतात." आठ दिवसांत चेहरा इतका स्वच्छ झाला की मी शेजारच्या दोघींनाही तीच ट्यूब घ्यायला सांगितली. आज त्याचं फार वाईट वाटतं. क्रीम बंद केलं की चार दिवसांत डाग परत, आणि आधीपेक्षा गडद. मग पुन्हा ट्यूब. अशी दोन वर्षं.

त्याच दोन वर्षांत बाकीच्याही गोष्टी चालू होत्या, पण त्यांचा चेहऱ्याशी संबंध असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. सकाळी कणीक मळताना बोटं वळायची नाहीत. फळ्यावर लिहिताना खडू निसटायचा. कपाळावरचे केस तुटून आखूड, राठ उभे राहिले. टाळूला एक फोड होता. तो दुखतच नव्हता, जीभ लागली म्हणून कळला. प्रत्येक तक्रारीसाठी वेगळी गोळी मिळाली. बोटांना कॅल्शियम, केसांना लोह, तोंड आलंय म्हणून बी-कॉम्प्लेक्स. घरच्यांचं म्हणणं, शाळा आणि दोन लेकरं, दमणारच ना.

एका दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या आधी जोडवी काढायला गेले तर निघेनात. साबण लावून, ओढून काढली, तर बोटावर खोल वळ. लघवीला फेस येत होता, तो जायला दोन-तीनदा पाणी ओतावं लागे. हेही मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायका हे कुठे सांगतात?

पायाची सूज दाखवायला तालुक्याच्या गावी एका फिजिशियन मॅडमकडे गेले. त्यांनी पाय पाहिले, मग मला उठवून खिडकीपाशी नेलं आणि हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जी घडी जाते तिथे बोट ठेवून म्हणाल्या, "गालावर डाग आहे, नाकावर आहे, मग ही घडीच तेवढी स्वच्छ कशी?" मग ट्यूब मागितली. माझ्या पर्समध्येच होती. मागचं बारीक अक्षर वाचून म्हणाल्या, "यात स्टिरॉइड आहे. डाग त्याने दबतोय, आजार आत चालूच आहे." कुठलंही मलम न देता त्यांनी आधी लघवी तपासायला पाठवलं.

प्रथिनं तीन प्लस. चोवीस तासांच्या लघवीत ३ ग्रॅमच्या वर, जिथे साधारण दीडशे मिलिग्रॅमच्या आत हवीत. एएनए आणि डीएस-डीएनए, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलीय का ते पाहणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, दोन्ही पॉझिटिव्ह. किडनीची बायॉप्सी झाली, म्हणजे बारीक तुकडा काढून तपासला: ल्युपसची सूज, चौथा वर्ग, म्हणजे गंभीर प्रकार. ल्युपस म्हणजे आपली प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते तो आजार. बाईमाणसांत पुरुषांच्या जवळजवळ नऊपट, आणि तोही बहुतेक ऐन लेकुरवाळ्या वयात.

औषधांनी आज क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, नॉर्मल आहे, प्रथिनं अगदी थोडी. पण तो लघवीचा कागद दोन वर्षं आधी हातात आला असता तर बायॉप्सीपर्यंत वेळ आली नसती, असं मला राहून राहून वाटतं.

कोणाच्या त्वचेवर असं काही दिसलं, आणि मूळ दुखणं भलतीकडेच निघालं, असं झालंय का? लिहा. कोणाच्या तरी कामी येईल.

ओंकाराची_आई

ताई, वाचून पोटात गोळा आला. मलाही वांग आहेत, चार वर्षं झाली. आता भीती वाटतेय. साधे वांग आणि हे, घरच्या घरी ओळखता येतं का?

डॉ_त्वचा

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, मराठवाड्यात प्रॅक्टिस करतो. आधी ओंकाराच्या आईंना सांगतो, घाबरू नका. आपल्याकडे गालावरचे तपकिरी डाग बहुतांश वेळा वांगच असतात. वांग सपाट असतात. खाजत नाहीत, त्यांची आग होत नाही, खपली निघत नाही आणि ते आठवड्याआठवड्याला कमीजास्त होत नाहीत. उन्हाळ्यात गडद होतात ते हळूहळू. ल्युपसचा चट्टा उन्हात गेल्यावर एक-दोन दिवसांत पेटतो, जरा फुगीर किंवा खरखरीत लागतो, येतो-जातो, आणि नाकाच्या बाजूची घडी बऱ्याचदा सोडतो. पण ही घडीची खूण दर वेळी मिळतेच असं नाही. त्यामुळे मी डागासोबत आणखी चार प्रश्न विचारतो: सकाळी बोटं आखडतात का, तोंडात न दुखणारे फोड येतात का, केस गळतात का, लघवीला फेस येतो का.

आमच्या शिक्षणातली एक उणीव इथे कबूल करायला हवी. पुस्तकांत ल्युपसचा चट्टा लालभडक फुलपाखरासारखा असतो, कारण फोटो गोऱ्या कातडीचे. गव्हाळ आणि सावळ्या चेहऱ्यावर तो लाल दिसतच नाही. तपकिरी, जांभळट, कधी नुसताच काळपट दिसतो, आणि काळपट दिसला की सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो, वांग. मी विद्यार्थ्यांना सांगतो, रंगावर जाऊ नका. हात लावा, गरम लागतं का बघा, कडा बघा, कानाच्या पाळीच्या आतला खोलगट भाग बघा. डिस्कॉइड ल्युपसचा, म्हणजे कातडीवरच्या ल्युपसच्या एका प्रकाराचा, चट्टा तिथे लपून बसतो आणि त्या खळग्यात कोणी पाहत नाही.

क्रीमबद्दल. २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची अनेक मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी विकली जातात. ट्यूबवर मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही असेल तर ती चेहऱ्याला स्वतःच्या मनाने लावू नका. महिनोन्महिने लावल्यावर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या आणि लव येते, आणि क्रीम थांबवलं की चेहरा पेटतो. त्याहून मोठा धोका या धाग्याच्या लेखिकेने सांगितला तो. खरी खूणच पुसली जाते.

आणि उलट बाजूही सांगतो. हे वाचून कोणी थेट लॅबमध्ये जाऊन एएनए करू नका. ठणठणीत माणसांतही कमी प्रमाणात तो पॉझिटिव्ह येतो. १:८० या पातळीला साधारण दर आठ निरोगी माणसांत एक. नुसता कागद पॉझिटिव्ह आला म्हणून रात्र रात्र न झोपलेल्या मुली माझ्याकडे येतात. लघवी, रक्तदाब, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) यांनी सुरुवात करा. पुढचं डॉक्टरांना ठरवू द्या.

शाळामास्तरीण

डॉक्टर, मनापासून आभार. कानाच्या खळग्याचं मला माहीत नव्हतं, आत्ता आरशासमोर जाऊन पाहून आले.

एडिसनकर

मी पुण्याची, पण २००९ पासून न्यू जर्सीत. इथल्या थंडीत बोटं पांढरी पडायची. बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत राखेसारखी, आणि जिथे पांढरं संपे तिथे पट्टीने रेघ मारावी तशी कड. मग निळसर, मग ऊब मिळाली की ठणकत लाल. मला वाटे, बर्फ आहे, होणारच. पण मे महिन्यात पुण्यात आईकडे फ्रिजमधून दुधाची पिशवी काढताना तीन बोटं तशीच पांढरी झाली, तेव्हा आई घाबरली.

याला रेनॉ म्हणतात, मोरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये वर्णन केलं म्हणून. विशी-पंचविशीतल्या पुष्कळ मुलींना तो नुसताच असतो, त्याच्यामागे काही नसतं. माझा एक्केचाळीसाव्या वर्षी सुरू झाला, आणि इथल्या डॉक्टरना तेच खटकलं. त्यांनी नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून भिंगातून तिथल्या केशवाहिन्या पाहिल्या. मलाही स्क्रीनवर दाखवल्या. काही फुगून मोठ्या झालेल्या, मध्ये मध्ये रिकाम्या जागा. निदान, सिस्टिमिक स्क्लेरोसिस, म्हणजे कातडी आणि आतले अवयव घट्ट करत जाणारा प्रतिकारशक्तीचा आजार.

मागे वळून पाहते तर खुणा होत्याच. अंगठी निघत नव्हती. जळजळ रोजची होती. आणि पाणीपुरीची पुरी तोंडात मावेनाशी झाली होती. मी फोडून, दोन घासांत खायला लागले होते, आणि हे का करतेय असा प्रश्नही पडला नव्हता. ओठांभोवतीची कातडी आवळत गेली होती. छातीचा सीटी काढला तेव्हा फुप्फुसांच्या तळालाही आजाराची सुरुवात झालेली दिसली, औषध लगेच सुरू झालं. घरी रक्तदाब मोजते, कारण या आजारात तो अचानक चढला तर किडनीचं संकट असू शकतं. याच कारणासाठी मला मोठ्या डोसचं स्टिरॉइड कोणीही परस्पर द्यायचं नाही, हे कार्डावर लिहून पर्समध्ये ठेवलंय.

सह्यभटक्या

बाबांचं लिहितो. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाल्यावर गावी शेती बघायचे. ६२व्या वर्षी वरच्या पापण्या सुजल्या आणि वांग्याच्या सालीसारख्या जांभळट झाल्या. चष्म्याची ॲलर्जी म्हणून दोनदा फ्रेम बदलली. मग हातांच्या मुठीवरच्या हाडांवर, बरोबर प्रत्येक सांध्यावर, चपट्या गाठी. मळ्यात राबणाऱ्याचे हात, त्यात कोण बघणार.

एक दिवस मी त्यांना एसटीत बसवायला गेलो. ज्या माणसाने तीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडली, त्याला पहिली पायरी चढता येईना. दांडा धरून वर ओढायला गेले तर दंडातही जोर नाही. दुखत काहीच नव्हतं. संधिवात असता तर दुखलं असतं, हे मला तेव्हा उमगलं नाही.

स्नायूंची झीज दाखवणारी सीपीके ही रक्ताची तपासणी केली, आकडा नॉर्मलच्या कितीतरी वर, काही हजारांत आला. डर्मॅटोमायोसायटिस, म्हणजे कातडी आणि स्नायूंना सूज आणणारा प्रतिकारशक्तीचा आजार. डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं की या वयात हा आजार दिसला की शरीरात कुठे कॅन्सर नाही ना हे शोधायचंच. आम्हाला ते ऐकवेना. आईला सांगितलंच नाही. सीटीमध्ये फुप्फुसात छोटी गाठ सापडली, खोकला नाही, रक्त नाही, काही नाही. ऑपरेशन झालं. पापण्यांनी सांगितलं नसतं तर ती गाठ आम्हाला केव्हा कळली असती, याचा मी विचार करत नाही.

बाबा आता पायरी चढतात. दांडा धरून, पण चढतात.

विदर्भकर

मी चंद्रपूर-गडचिरोली भागात अवैद्यकीय सहायक म्हणून कुष्ठरोगाचं काम केलं, आता निवृत्त. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. आपल्या राज्यात चट्टा दिसला की ल्युपसच्या आधी एक साधी चाचणी करून घ्या. कापसाची वात करा, माणसाला डोळे मिटायला सांगा, चट्ट्यावर हलकेच टेकवा आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगा. स्पर्श कळलाच नाही तर तो कुष्ठरोग असू शकतो.

डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं असं जाहीर झालं. तेव्हापासून नवे डॉक्टर तो संपला असंच धरून चालतात. एक बाई आठवते. ताप, सांधेदुखी, हातापायांवर दुखणाऱ्या लाल गाठी, एएनए थोडा पॉझिटिव्ह. आठ महिने ल्युपस म्हणून औषध चालू. मी घरी गेलो तेव्हा ती चुलीवरचं भांडं उघड्या हाताने उतरवत होती. चटका लागत नव्हता. कानाच्या पाळ्या जाड, भुवयांची बाहेरची टोकं विरळ. ती कुष्ठरोगाची रिॲक्शन होती, म्हणजे त्या आजारात प्रतिकारशक्तीमुळे एकदम उसळणारी सूज. एमडीटीची, म्हणजे कुष्ठरोगावर एकत्र द्यायची, औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर. वेळेत मिळाली तर बोटं वाचतात.

दुसरं, कोडाबद्दल. कोड हा शब्दच कुष्ठावरून आलाय, त्यामुळे लोक दोन्ही एकच समजतात. पांढऱ्या कोडात स्पर्श पूर्ण शाबूत असतो, आणि ते कोणाला लागत नाही. लग्न मोडलेल्या मुली मी पाहिल्यात. कोड हाही प्रतिकारशक्तीचा आजार आहे. अशा माणसाची थायरॉइड तेवढी तपासून घ्यावी, कारण दोन्ही बरेचदा जोडीने येतात.

डॉ_त्वचा

विदर्भकर, तुमच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. त्या कापसाच्या वातीला खर्च शून्य आहे. कोडासारखीच चाई. डोक्यावर रुपयाएवढी गुळगुळीत जागा पडते तीही याच घराण्यातली. ती कीड लागल्याने होत नाही.

कोल्हापुरी_मिसळ

माझ्या मावशीला पाच महिने तोंड आलं होतं. दातांच्या डॉक्टरकडे चार फेऱ्या, मग तिखट बंद, मग ताकभातावर राहिली. नंतर छातीवर, पाठीवर फोड. लेचेपेचे, कपडा घासला तरी फुटायचे, आणि खाली ओली लाल जागा. गल्लीत एकमताने ठरलं, नागीण. गेरू लावला. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, म्हणून आजी रात्रभर जागी. शेवटी एकाने सांगितलं, नागीण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते, हे तर दोन्हीकडे आहे. तेव्हा कुठे हॉस्पिटलला नेलं. पेम्फिगस निघाला. मावशी आता बरी आहे, पण आजही पहिला घास भीत भीत घेते.

डॉ_त्वचा

पेम्फिगसमध्ये त्वचेच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनावरच शरीर हल्ला करतं, म्हणून भिंतीचा चुना निघाल्यासारखी वीट विटेपासून सुटते. बहुतेकांत सुरुवात तोंडातच होते, कातडीवर यायला महिने लागतात. तीन आठवड्यांत बरं न झालेलं तोंड कोणालातरी दाखवाच. एक अभिमानाची गोष्ट: ज्या काळात या आजाराने माणसं सहज दगावत, तेव्हा, १९८०च्या दशकात, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी डेक्सामेथासोन आणि सायक्लोफॉस्फमाइडची महिन्याला एकदा, सलग तीन दिवस द्यायची पद्धत बसवली. देशभर शेकडो रुग्ण त्यावर सावरले. आता रिटुक्सिमॅब हे औषधही आहे.

ओंकाराची_आई

डॉक्टर, विषय थोडा वेगळा. माझा मुलगा तेरा वर्षांचा. मानेवर मागे काळी, जाडसर, मखमलीसारखी कातडी झालीय. काखेतही. मी रोज घासणीने घासते, तो रडतो, शाळेत त्याला मळकट म्हणतात. हे पण आतलं काही असतं का?

डॉ_त्वचा

ताई, आजपासून घासणी बंद. हा मळ नाही. शरीरात इन्सुलिन जास्त तयार होतंय, कारण ते नीट काम करत नाही. त्या जादा इन्सुलिनने कातडी जाड होते. वजन, कंबर मोजा, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या, घरात कोणाला मधुमेह असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. वजन उतरलं की मान आपोआप उजळते. घासून मात्र ती जास्त काळी होते. आणि हे त्यालाही समजावून सांगा. त्याचा काही दोष नाही.

ओंकाराची_आई

सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी घाणेरडा नाही ना?" पुढे मला लिहवत नाही.

निसर्गोपचारप्रेमी

सगळ्यांबद्दल आदर ठेवून लिहितो. या औषधांनी आजार मुळातून जात नाही, आयुष्यभर गोळ्या. स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात, दुसऱ्या गोळीने डोळे जातात. माझ्या ओळखीत एकीने सगळं बंद करून फक्त पथ्य केलं आणि ती मस्त आहे.

शाळामास्तरीण

दादा, तुमचा हेतू चांगला आहे हे दिसतं, म्हणून स्पष्ट लिहिते. मीही पहिल्या वर्षी बरं वाटल्यावर अडीच महिने गोळ्या सोडल्या होत्या. मलाही मस्त वाटत होतं. किडनी दुखत नाही, त्यामुळे तिचं काय चाललंय ते माणसाला कळत नाही. प्रथिनं पुन्हा दोन ग्रॅमवर गेली.

डोळ्यांची भीती ज्या गोळीची घालतात ती हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. तिचा डोस वजनावर ठरतो, रोज किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत. सुरुवातीला एकदा पडदा तपासतात, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मी ते चुकवत नाही. मार्च २०२० मध्ये करोनावर चालेल म्हणून लोकांनी हीच गोळी घाऊक उचलली आणि आमच्यासारख्यांना दुकानोदुकानी फिरावं लागलं. माझ्या नवऱ्याने सात मेडिकल पालथी घालून दोन पट्ट्या आणल्या होत्या. तेव्हा मला तिची किंमत कळली.

पथ्य मीही पाळते. मीठ कमी, ऊन टाळायचं, परिपाठाला छत्री. सुरुवातीला मुलं हसायची, आता एक मुलगी रोज छत्री आणून देते. पण पथ्य गोळीसोबत.

डॉ_त्वचा

एवढंच जोडतो की स्टिरॉइड अचानक सोडणं सुरू करण्याइतकंच गंभीर आहे. आणि ज्या मुलींना मूल हवंय त्यांनी आधी सांगावं. ल्युपसवर देतात ते मायकोफेनोलेट हे औषध गर्भारपणात चालत नाही, ते आधीच बदलावं लागतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र चालू ठेवतात. आजार सहा महिने शांत असला की बाळंतपणं चांगली होतात, माझ्या पाहण्यातली आहेत.

इंद्रायणीकाठ

पहिल्यांदाच लिहितेय, आतापर्यंत नुसती वाचत होते. माझी धाकटी बहीण २६ वर्षांची, गालावर डाग, क्रीम चालू, बोटं सकाळी आखडतात. हा धागा वाचून काल तिची लघवी तपासली. प्रथिनं २+ आलीयेत. रक्तदाब १४०/९०. ती म्हणते लग्नाची खरेदी आटोपली की बघू, लग्न पुढच्या महिन्यात आहे. मी काय करू?

शाळामास्तरीण

ताई, थांबू नका. उद्या सकाळीच न्या. एक प्लसचा फरक लॅबमध्ये कधी कधी पडतो, पण तिची बोटं, गाल आणि रक्तदाब एकत्र आहेत. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात संधिवात विभाग किंवा किडनीचे डॉक्टर असतील तर थेट तिथे, नसतील तर चांगल्या एमडी मेडिसिनकडे. कालचा रिपोर्ट, क्रीमची ट्यूब आणि डाग नुकताच पेटलेला असतानाचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तो, तिन्ही सोबत घ्या. क्रीमने आज चेहरा स्वच्छ दिसत असेल, म्हणून फोटो हवाच. सकाळची पहिली लघवी छोट्या स्वच्छ डबीत घेऊन जा, प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे किती प्रथिनं जातायत त्याचा अंदाज, लगेच करता येतो.

ती ऐकत नसेल तर माझी पहिली पोस्ट तिला वाचून दाखवा. जोडव्यांचा भाग तेवढा नक्की.

इंद्रायणीकाठ

वाचून दाखवली. गप्प बसली, मग स्वतःच ट्यूब शोधून पर्समध्ये टाकली. उद्या नऊचा नंबर घेतलाय.